कुल्फीच्या पेटीतली लस

आमच्या घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण फुशारकी मारायची सवय मला आहे आणि पुढे जे झालं त्यात त्या फुशारकीचा मोठा वाटा आहे. माझे आजोबा अंगठा उठवायचे. बाबा चौथी शिकले. आईला सही येते, पण सही करताना ती श्वास रोखून धरते. मी तीन वर्षं बसनं भंडाऱ्याला जाऊन-येऊन रसायनशास्त्र घेऊन पास झाले आणि आता मोहाडीला एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. पगार सांगण्यासारखा नाही. पण गावात कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला की तो गावाच्या कडेला आमच्याच टोलीत येतो, माझ्याकडे. म्हातारी माणसंसुद्धा उभी राहून वाट पाहतात.

बाबा कुल्फी विकतात. पावसाळ्यात ते धानाच्या रोवणीला जातात, दिवाळीच्या आगेमागे धान कापायला, आणि फाल्गुन लागला की सायकलच्या कॅरिअरवर पेटी चढते. पेटी सागाची. तिच्या आत जस्ताच्या पत्र्याचा डबा, लाकूड आणि पत्रा यांच्यामध्ये धानाचा भुसा ठासलेला. डब्यात फोडलेला बर्फ, बर्फावर खडेमीठ, मग कुल्फीचे साचे, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. मीठ किती टाकायचं हे बाबांच्या मुठीला माहीत. बाजारात दुसऱ्यांची कुल्फी तीन वाजता ओघळायला लागते, बाबांची पाच वाजता दाताला लागते. 'दगड' हा त्यांचा कौतुकाचा शब्द. पेटी उघडून साच्यावर नख वाजवायचं, समोरच्याला बघायला लावायचं आणि म्हणायचं, "पाय, दगड."

त्यांच्या सायकलमागे एक कुत्रा जायचा. तांबूस, एका कानाचा शेंडा तुटलेला. त्याला नाव नव्हतं. बाबा निघताना "चाल गा" म्हणायचे आणि तो निघायचा, तेच त्याचं नाव. बाजारात दिवसभर पेटीच्या सावलीत बसायचा आणि काड्या चाटायचा.

आमच्या गावात कुत्रं असं कुणाचं नसतं, पण दार प्रत्येकाचं ठरलेलं असतं. भात वेळला की पेज निघते, ती पेज ज्या दारात ओतली जाते त्या दाराचं ते कुत्रं. साखळी नाही, पट्टा नाही, डॉक्टर नाही. आजारी पडलं तर लोक म्हणतात, गवत खाऊन बरं होईल. होतं, नाही तर मरतं. मीही लहानपणापासून असंच पाहत आले, त्यामुळे उगाच प्राणिप्रेमी असल्याचा आव आणत नाही.

मग शेजारच्या गावात एक कुत्रं पिसाळलं. त्यानं दोन गाई आणि एका माणसाला चावा घेतला. माणूस वेळेवर सुया घेऊन वाचला. एक गाय मेली, आणि ती ज्या तऱ्हेनं मेली ते पाहायला आमच्या गावातली माणसं गेली होती. परत आली ती ठरवूनच. ग्रामसभेत उपसरपंच म्हणाले, "आपल्या गावात येवाच्या आधी सगळेच साफ करून टाकू. दोन दिवसाचं काम आहे."

मी उठले. बाईमाणूस, त्यात आमच्या टोलीतली, त्यात अविवाहित. पण शिकलेली, म्हणून बोलू दिलं.

मी म्हटलं, "मारून काय होईन काका? गाव रिकामं झालं का बाहेरचे येतीन. त्याहीले कोणी टोचलं नसन. त्यापेक्षा आपल्याच कुत्र्याहीले लस देऊ. टोचलेलं कुत्रं पिसाळत नाही, अन् बाहेरच्याले गावात येऊ देत नाही."

उपसरपंच हसले. "कॉलेजात कुत्र्याचं बी शिकवते का वो?"

"कॉलेजात वाचाले शिकवते. हे मी वाचलं."

"बरं. अन् टोचलेलं कोणतं, बिनटोचलेलं कोणतं, हे का कुत्रा सोता सांगन?"

मागून बायकांतून आई बोलली. ती सभेत कधी बोलत नाही. "मी पट्टी बांधून देतो. लाल."

लोक हसले, पण त्या हसण्यातच गोष्ट ठरली. लाल पट्टीच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. होळीच्या आत ज्याच्या गळ्यात पट्टी दिसणार नाही, ते मारायचं. उपसरपंचांनी हे मोठ्यानं दोनदा म्हटलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मंग आता तुह्या हातात आहे." चाळीसेक कुत्र्यांचा जीव आईच्या जुन्या लुगड्याच्या काठावर येऊन बसला. मला त्याचं ओझं वाटलं नाही. खरं सांगते, मला बरं वाटलं.

कापणीचं धान अजून घराघरात होतं, म्हणून वर्गणी धानातच मागितली. ज्या दारात कुत्रं पेज खातं त्या दारातून पायलीभर. मी आणि आई पोतं घेऊन फिरलो. लोकांनी दिलं, कुरकुरत दिलं. एक आजी म्हणाली, "माह्या गुडघ्याले सुई भेटत नाही, कुत्र्याले भेटून राहिली," पण तिनंही दिलं, वर शिगेपर्यंत. ते धान विकून भंडाऱ्याच्या एका औषधाच्या दुकानातून लसीच्या पाच बाटल्या आणल्या. एका बाटलीत दहा कुत्र्यांची लस असते, एकेक सुटी सुई घेण्यापेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. ही युक्ती मला एका निवृत्त पशुधन पर्यवेक्षकांनी सांगितली होती. ते जवळच्याच गावी राहतात. नोकरीभर त्यांनी गाईम्हशींना सुया टोचल्या, सगळे त्यांना डॉक्टरसाहेबच म्हणतात. ते फुकट यायला तयार झाले. अट एकच घातली. "औषध थंड ठेवजो बाई. गरम झालं का त्याचं पाणी होते."

हे वाक्य मी पाठ केलं. गरम होऊ द्यायचं नाही.

दुकानदारानं बाटल्यांसोबत थंड पिशवी दिली होती. बसमध्ये ती मी मांडीवर घेऊन बसले. गावात उतरले तेव्हा ती नुसती ओली होती. डॉक्टरसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते, तोवर बाटल्या ठेवायच्या कुठे? आमच्या घरी फ्रिज नाही. गावात तेव्हा सात-आठ घरी होता. मी चार दारं फिरले.

"कुत्र्याचं औषध? आमच्या दुधादह्यात? नाही वो."

"जागा नाही माय, पाहुणे येऊन राहिले."

एका घरी फ्रिज उघडून दाखवला, आत पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक कोथिंबिरीची जुडी, आणि म्हणाले, "भरला आहे." त्या नकारात कुत्र्याच्या औषधाचा भाग किती आणि आमच्या टोलीचा किती, ते मी तेव्हाही मोजलं नाही, आताही मोजत नाही.

घरी आले तर बाबा अंगणात पेटी धुऊन बसले होते. त्या वर्षीची पहिली खेप दोन दिवसांनी निघायची होती. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ते हसले. असे हसले की जणू गावानं त्यांनाच कंत्राट दिलं.

"फ्रिज कायले पायजे? त्याहीचा फ्रिज लाइन गेली का नुसतं कपाट. आण इकडे."

ते सायकल काढून बर्फाची लादी घेऊन आले. गोणपाटात बांधून फोडली. डबा आतून पुसला. एरवी कुल्फीसाठी करतात त्यापेक्षा जास्त मनानं केलं त्यांनी. बर्फाचा थर, मिठाचा थर, मधोमध पाच बाटल्या, त्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीसकट, वरून पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. शेवटी थांबले, विचार केला, आणि अजून एक मूठ मीठ टाकलं. "तुह्या औषधाची," म्हणाले. झाकणावर गोणपाट, गोणपाटावर घोंगडी.

मिठानं पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. साध्या बर्फापेक्षा मिठाचा बर्फ कितीतरी जास्त थंड होतो. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले, परीक्षेत त्याचं गणित आलं होतं आणि ते मी पूर्ण सोडवलं होतं. त्या संध्याकाळी मी पेटीजवळ उभी राहून बाबांची मूठ पाहत होते आणि मनात म्हणत होते, माझ्या बापाला न शिकता रसायनशास्त्र येतं.

औषधाच्या डबीत एक घडी घातलेला कागद होता. बारीक इंग्रजी. मी वाचला. मुदत कधीपर्यंत ते वाचलं, एका कुत्र्याला किती ते वाचलं, पिल्लू किती महिन्यांचं झालं की द्यायचं तेही वाचलं आणि शेजारच्या दोन बायकांना मराठीत समजावून सांगितलं. ठेवायचं कसं, त्याच्या दोन ओळी खाली होत्या. त्या मला माहीतच होत्या ना, थंड ठेवायचं. म्हणून मी कागदाची घडी घातली.

सकाळी बाबांनी झाकण उघडलं आणि बाटलीवर नख वाजवलं.

"पाय, दगड."

बाटल्यांच्या काचेवर पांढरं दव धरलं होतं. आतलं औषध हलत नव्हतं. मी एकेक बाटली तळहातात धरून मोकळी केली. तळाशी पांढरा साका बसला होता, जोरात हलवला तर गेला. डॉक्टरसाहेब मोटरसायकलवरून उतरेपर्यंत औषध पाण्यासारखं झालं होतं आणि बाटल्या हाताला चटका लागेल इतक्या गार होत्या.

"थंड राहिलं ना?" त्यांनी विचारलं.

"एकदम," मी म्हटलं. "आमच्या बाबांनी ठेवलं." गोठलं होतं, हे मला सांगावंसं वाटलं नाही. लपवलं असं नाही. सांगण्यासारखी गोष्ट वाटली नाही, इतकंच.

तो दिवस माझ्या आयुष्यातला चांगला दिवस होता, हे मला आजही नाकारता येत नाही. प्रत्येक दारातल्या बाईनं पेजेचं भांडं घेऊन बाहेर यायचं, आपल्या कुत्र्याला हाक मारायची, ते पेज प्यायला लागलं की मानेची कातडी धरायची, डॉक्टरसाहेब मागून टोचणार, आई पट्टी बांधणार. ही रीत मी बसवली होती. अनोळखी माणसानं पकडलं असतं तर एकही हाती लागलं नसतं. पेजेच्या दारात ती आपणहून येत होती. एक कुत्री सुई बसल्यावर वळूनसुद्धा न पाहता पेज पीत राहिली, तर तिच्या दारातली काकू म्हणाली, "माह्या घरच्या माणसाचंच ध्यान आहे, जेवताना घर पेटलं तरी उठत नाही." ज्यांनी फ्रिज भरला आहे म्हटलं होतं, तेही आपलं कुत्रं घेऊन आले. दुपारपर्यंत गावभर लाल पट्ट्या फिरायला लागल्या. उपसरपंच कट्ट्यावरून म्हणाले, "लग्नाची वरात निघाली बापा." लोकांनी बाबांच्या पेटीला हात लावून पाहिला. दोघाचौघांनी विचारलं, इतकं गार राहते कसं? बाबा म्हणाले, "हाताची मोजणी आहे," आणि पुढे काही सांगितलं नाही.

होळी झाली. एकही कुत्रं मारलं गेलं नाही.

आषाढात रोवणी चालू होती. गावाच्या वरच्या बाजूला आमची बोडी आहे, पाण्याचं लहान तळं, तिच्या पाळीवरून बायका बांधात जातात. तीच काकू, जिनं नवऱ्याच्या जेवणावर विनोद केला होता, पाळीवरून येत होती. समोरून एक कुत्रं आलं, मान वाकडी, तोंडातून लाळेची तार. आधी एका बकरीला चावलं. मग काकूच्या पोटरीला. माणसांनी काठ्यांनी तिथंच मारलं.

त्याच्या गळ्यात लाल पट्टी होती.

मी साबण घेऊन धावले. काकूची जखम नळाखाली पंधरा मिनिटं धुतली, मग बसनं तिला भंडाऱ्याला नेलं. सगळ्या सुया ठरल्या दिवशी पूर्ण केल्या, प्रत्येक वेळी मी सोबत होते. काकू वाचली, ती आजही आहे. बकरी मात्र महिन्याभरानं पिसाळून मेली, तेव्हा त्या कुत्र्याला काय झालं होतं याबद्दल संशय उरला नाही.

पण मी बकरीची वाट पाहिली नव्हती. काकूला घरी सोडलं त्याच संध्याकाळी डॉक्टरसाहेबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "औषध कायमधी ठेवलं होतं?"

"बाबांच्या पेटीत. बर्फात."

"नुसता बर्फ?"

"मीठ होतं."

ते मग म्हणाले, "गोठलं होतं का?"

"हो."

"गोठलेलं औषध कामाचं नसते बाई. आपण पाणी टोचलं." पुढे म्हणाले, "कागदावर लिहिलेलं असते. तू तं वाचणारी."

मी फोन ठेवून कपाटातला तो कागद काढला. खालच्या दोन ओळी. पहिलीत किती थंड ठेवायचं ते होतं. दुसरीत, गोठवू नये. तीन शब्दांत होतं. ते इंग्रजी वाचायला बी.एस्सी. लागत नाही, सातवीतलं पोरगं वाचतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरसाहेबांना पुन्हा फोन केला, म्हटलं, पुन्हा टोचू, या वेळी नीट. ते म्हणाले, "कोणाले काही सांगू नको. माहा बी हात आहे त्यात." त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही.

चार दिवसांनी सभा झाली. रोवणीचे दिवस असूनही माणसं आली होती. काकू पायाला फडकं बांधून समोर बसली होती. बाबा भिंतीला टेकून मागे, नेहमीच्या जागी.

गावात तोवर एक गोष्ट पक्की झाली होती. सुईनंच कुत्रं पिसाळलं. एकजण म्हणाला, "आधी आपल्या गावात कवा पिसाळलं होतं का? सुई टोचली अन् पिसाळलं. सीधी गोष्ट आहे." दुसरा म्हणाला, "चाळीस कुत्र्याहीले टोचलं. आता एकेक निघन."

मला उठावंच लागलं. हे असंच राहू दिलं तर कुत्री जाणार होतीच, वर पुढे या गावात कुणी कधी लस टोचू देणार नव्हतं, कुत्र्याला नाही, गाईला नाही. मी म्हटलं, "सुईनं नाही पिसाळलं. औषध खराब झालं होतं. ते ठेवण्यात माझी चूक झाली. त्या कुत्र्याले लस लागलीच नव्हती."

उपसरपंचांनी विचारलं, "खराब कसं झालं?"

इथं मला एक शब्द बोलायचा होता. मीठ. मी मागे पाहिलं नाही, पण बाबा कुठे बसलेत हे मला पाठीला कळत होतं. सगळ्या गावानं त्या पेटीला हात लावून पाहिला होता.

"फ्रिज नव्हता," मी म्हटलं.

ज्यांच्या घरी फ्रिज होता ते जमिनीकडे पाहायला लागले. उपसरपंच मात्र विचार करत होते. ते मूर्ख नाहीत, कधीच नव्हते.

"म्हणजे लाल पट्टीवाले सगळेच कच्चे आहेत?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार, ते खरं होतं. "म्हणून पुन्हा टोचाले लागन. एकदा अजून पायली..."

"आता रोवणीत धान कोणाच्या घरी आहे?" कुणीतरी म्हणालं. "अन् या बारीले औषध कुठं ठेवशीन? तुह्या डोक्यावर?"

कुणी हसलं नाही. काकू बोलली. "पोट्टीले बोलू नका. तिनं चांगल्यासाठीच केलं. माह्यासंग हर सुईले आली." मग तिनं पाय सरळ केला आणि म्हणाली, "पण कुत्रे ठेवू नका."

मी खरं सांगितलं म्हणून कुत्री मेली, की मी गप्प राहिले असते तरी मेली असती, हा हिशेब मी पुष्कळदा घालून पाहिला. दोन्ही बाजूंनी उत्तर तेच येतं. लसीनं पिसाळली म्हणून मारली असती, लस लागली नाही म्हणून मारली.

मारायला बाहेरून कुणी आणलं नाही. अनोळखी माणसाच्या हाती ती लागली नसती. मी बसवलेलीच रीत वापरली. प्रत्येकानं आपल्या दारात पेज ओतायची, हाक मारायची. पेजेत काय घालायचं ते पंचायतीसमोर वाटलं गेलं. कुत्री आली. फाल्गुनात ती जशी आली होती तशीच आली, शेपटी हलवत. तीन दिवसांत गाव शांत झालं. काही बायकांनी रडत पेज ओतली, हे मी पाहिलं. एका आजीनं, त्याच गुडघ्यावाल्या, तिची कुत्री मेल्यावर गळ्यातली पट्टी सोडून धुऊन आईला परत आणून दिली. लुगड्याचा काठ चांगला आहे, म्हणाली, कामी येईल.

तक्रार करायला हवी होती, असं शहरातला कुणीही म्हणेल. फॉर्म कसा भरायचा ते माझ्याइतकं इथं कुणाला येत नाही. पण नाव कुणाचं लिहू? सगळी दारं होती ती. त्यातलं एक काकूचं होतं.

आमच्या दारात पेज ओतली गेली नाही. बाबांनी पहिल्याच दिवशी पहाटे कुत्र्याला सायकलवर बांधून भंडाऱ्याला नेलं, मी बसनं पोचले. जनावरांच्या एका खासगी डॉक्टरकडे लस दिली. त्यांनी स्वतःच्या फ्रिजमधून बाटली काढली, हाताला नुसती गार लागेल इतकीच गार. मी ती त्यांच्या हातातून मागून घेतली, उजेडात धरली, हलवून पाहिली. ते माझ्याकडे बघत राहिले. शिक्क्याचा कागद घेऊन आम्ही परत आलो. उपसरपंचांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाले, "कागद आहे तं राहू द्या. बांधून ठेवजा."

म्हणून तो बांधलेला आहे. बाबा बाजाराला निघताना आता "चाल गा" म्हणत नाहीत. तो उठतो, साखळीला हिसका बसतो, पुन्हा बसतो. गावात भुंकायला दुसरं कुणी नाही म्हणून तोही भुंकत नाही. चाळीसांतला एक वाचला, आणि तो आमचा होता. हे चांगलं झालं असं म्हणायला माझं तोंड धजत नाही.

त्याच वर्षी दिवाळी व्हायच्या आत नवी कुत्री आली. मोहाडीच्या रस्त्यानं दोन, मग बोडीच्या बाजूनं एक कुत्री पोटुशी, तिनं आमच्याच टोलीत सहा पिल्लं घातली. गाव रिकामं झालं की बाहेरची येतील, हे मी सभेत म्हटलं होतं. मी म्हटलेलं खरं झालं याचा आनंद व्हावा अशी माझी सवय आहे, पण या वेळी झाला नाही. लोक त्यांना पेज देतात. दारं पुन्हा ठरली आहेत. मी सकाळी बसस्टॉपकडे जाताना मोजते, यंदा पंचवीसच्या वर आहेत, गळा सगळ्यांचा मोकळा. लसीचं मी एकदोघांकडे काढलं. एक बाई म्हणाली, "राहू दे वो. मागच्या बारीचं आठवते." दुसरी उठून आत गेली. गुरांच्या सरकारी दवाखान्याला अर्ज करू म्हटलं, तर त्यावर पन्नास सह्या लागतात असं मीच ठरवून ठेवलं आहे, आणि सह्या मागायला अजून एकाही दारात गेलेले नाही. कागद घेऊन लोक अजूनही माझ्याकडे येतात. मी आता प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचते. लोकांना वाटतं, हिला आता कमी दिसतं.

परवा बाबा पेटी भरत होते. यंदाची पहिली खेप. मी पायरीवर बसले होते, कुत्रा साखळीनं माझ्या पायाशी. बर्फ, मीठ, साचे, बर्फ. शेवटी त्यांचा हात मिठाच्या डब्यावर थांबला.

"तवा मीठ कमी पडलं असन माय," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता. "औषधाले अजून एक मूठ टाकाले पायजे होती. मी कंजुसी केली."

दीड वर्षं ते हे घेऊन फिरत होते. फ्रिज नव्हता म्हणून औषध गेलं, असं लेकीनं सभेत सांगितलं. म्हणजे पेटी पुरेशी थंड नव्हती. म्हणजे मीठ कमी पडलं. त्यांच्या बाजूनं हिशेब बरोबर होता.

"नाही बाबा," मी म्हटलं. "तुमचं काही चुकलं नाही."

"मंग कसं गेलं औषध?"

मी रसायनशास्त्र घेऊन पास झाले आहे. हे चार वाक्यांत समजावता आलं असतं. त्यांच्या हातात मीठ होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी एक मूठ टाकली, मग अजून एक. झाकण लावून गोणपाट आवळला. "पुढच्या बारीले मले एक दिवस आधी सांगजो," ते म्हणाले. "दुप्पट मीठ टाकतो. मंग पाय, कसं राहते."

"सांगीन," मी म्हटलं.

ते सायकल घेऊन निघाले. कुत्रा उठला, साखळी ताणली गेली, आणि तो पुन्हा बसला.